कणा, खुर्ची आणि उसण

सकाळी अंघोळीची बादली उचलायला वाकावं आणि कंबरेत अशी कळ यावी की बादली जागेवरच राहावी, माणूस भिंतीला धरून उभा. मराठी घरात याला एकच शब्द आहे: उसण भरली. मग तव्यावर तापवलेलं फडकं, तेलाची मालिश आणि शेजारपाजारी कुणी पायाळू आहे का याची चौकशी. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने दुखऱ्या जागेवर पाय लावला की उसण उतरते, असं गावोगावी मानतात. आणि बहुतेकांची उसण खरोखर उतरते. चार दिवसांत दुखणं हलकं होतं, तीन-चार आठवड्यांत माणूस ते विसरतो.

यात पायाळूचा वाटा नाही. अचानक उद्भवलेल्या बहुतांश कंबरदुखीचा स्वभावच असा आहे की ती आपली आपण ओसरते. ती ओसरत असताना जो उपाय चालू असेल, त्याच्या खात्यावर यश जमा होतं. त्यात तेल असतं, पट्टा असतो, इंजेक्शन असतं आणि शेवटच्या आठवड्यात घेतलेली नवी खुर्चीही असते. पाठीबद्दल इतके परस्परविरोधी सल्ले इतक्या ठामपणे का दिले जातात, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. म्हणूनच कुणाला कशाने बरं वाटलं यापेक्षा, मोठ्या संख्येने माणसांना तपासल्यावर काय दिसलं, हे पाहणं गरजेचं ठरतं.

प्रश्न लहान नाही. रोगांच्या जागतिक ओझ्याचा जो अभ्यास सातत्याने चालतो, त्यानुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या वर जाईल, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. मानदुखीवाले वेगळे, सुमारे २० कोटी. माणसाची कामाची, हिंडण्याफिरण्याची ताकद हिरावणाऱ्या कारणांत कंबरदुखी जगात पहिल्या क्रमांकावर आहे.

यावर घराघरातला पहिला उपाय म्हणजे आज्ञा: ताठ बस, पोक काढू नकोस. ती आईची असते, पीटीच्या सरांची असते, हल्ली मोबाइलमधल्या अ‍ॅपचीही असते. ताठ कण्याचा आरोग्याशी आणि चारित्र्याशीही संबंध जोडण्याची रीत अनेक देशांत होती. अमेरिकेत १९१४ मध्ये बैठक सुधारण्यासाठी एक संघच स्थापन झाला होता. त्यानंतर तीनच वर्षांनी हार्वर्ड विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची तपासणी झाली आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांची ठेवण वाईट ठरवली गेली. ज्या मोजपट्टीवर पाचांतले चार निरोगी तरुण नापास होतात, त्या मोजपट्टीलाच प्रश्न विचारायला हवा होता. तो पुढची कित्येक दशकं फारसा विचारला गेला नाही.

आज तो विचारला जातो आहे. इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी आणि नेदरलँड्स या चार देशांतल्या २९५ फिजिओथेरपिस्टना बसण्याच्या नऊ पद्धतींची छायाचित्रं दाखवून विचारलं गेलं की यांतली सर्वोत्तम कोणती. बहुतेकांची मतं दोन छायाचित्रांत विभागली, आणि ती दोन एकमेकांपासून चांगलीच वेगळी होती. पाठीवर उपचार करण्यातच ज्यांचं आयुष्य जातं त्यांचंही ‘योग्य बैठक’ कोणती यावर एकमत नाही. मग घरच्या आज्ञेत इतका ठामपणा कुठून येतो?

पश्चिम ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास तर याहून पुढे जातो. तिथे १७ वर्षांच्या ११०८ मुलामुलींची बसण्याची ठेवण मोजून चार गट पाडले गेले. मान पुढे काढून, छाती आत घेऊन बसणारे एका टोकाला, ताठ बसणारे दुसऱ्या टोकाला. मानदुखी आणि डोकेदुखीच्या बाबतीत या गटांत म्हणावा असा फरक सापडला नाही. एक फरक मात्र दिसला: पोक काढून बसणाऱ्या गटात उदासीची लक्षणं थोडी जास्त होती. ही गोष्ट पालकांनी शांतपणे वाचावी अशी आहे. खांदे पाडून बसलेल्या मुलाला ‘नीट बस’ म्हणण्याआधी ‘काय झालंय रे?’ असं विचारणं कधी कधी जास्त उपयोगाचं असतं.

मोबाइलबद्दलचा एक आकडा सगळीकडे फिरतो. डोकं साधारण पाच किलोचं, पण मान ६० अंशांत वाकवली की मानेवर २७ किलोचा भार येतो. हा आकडा २०१४ चा आहे आणि तो संगणकावर मांडलेल्या प्रतिकृतीतून काढलेला आहे. कुणाच्या मानेत मोजून नव्हे, आणि मान दुखणाऱ्या-न दुखणाऱ्यांची तुलना करूनही नव्हे. पुढे ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या मुलांचं मोबाइल पाहणं प्रत्यक्ष तपासलं, तेव्हा वाकलेली मान आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. याचा अर्थ चार तास मान खाली घालून रील्स पाहाव्यात असा होत नाही. वाकण्यापेक्षा ते चार तास जास्त महत्त्वाचे, एवढाच होतो.

कण्याची रचना पाहिली तर हे उलगडतं. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ मिळून २४ मणके हलते असतात, आणि त्यांच्यामध्ये २३ गाद्या. प्रौढ वयात या गाद्यांच्या आत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. त्यांचं पोषण आजूबाजूच्या हाडांतून झिरपून येतं, आणि दाब कमी-जास्त होत राहिला की स्पंजासारखं पाणी आतबाहेर होतं. दिवसभराच्या भाराने त्या थोड्या दबतात, रात्री पुन्हा फुगतात. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो. अशा अवयवाला कोणतीही एक स्थिती, मग ती कितीही आखीव असो, तासन्‌तास धरून ठेवणं मानवत नाही.

गादीतला दाब प्रत्यक्ष मोजलाही गेला आहे. स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी गेल्या शतकात ही मोजणी सुरू केली आणि उभं राहण्यापेक्षा बसण्यात कंबरेच्या गादीवर जास्त दाब येतो असं सांगितलं. तेच कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिलं. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी ४५ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेवकाच्या कंबरेच्या गादीत दाबमापक बसवून दिवसभर नोंदी घेतल्या. पालथं झोपल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५, सैल बसल्यावर ०.४६ आणि ताठ बसल्यावर ०.५५. म्हणजे सैल बसणं उभं राहण्याहून थोडं हलकंच निघालं. खुर्चीत रेलून पाय पसरून बसल्यावर तर दाब आणखी उतरला. खरा फरक ओझ्याचा होता. २० किलोचं ओझं पाठ वाकवून उचलताना २.३, गुडघे वाकवून उचलताना १.७ आणि तेच ओझं अंगाशी धरल्यावर १.१. एका माणसावरची ही मोजणी आहे, तिच्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण ओझं अंगाशी घेण्याने दाब निम्म्यावर येतो, ही गोष्ट बाजारातल्या प्रत्येक हमालाला मोजमापाशिवाय माहीत असते.

मार्केट यार्डात गोणी पाठीवर चढताना पाहावी. दोघे जण दोन टोकं धरून ती उचलतात, तिसरा पाठ पुढे करून, गुडघ्यांत किंचित मोडून तयार असतो. हातातल्या आकड्याने तो गोणीचं टोक पकडतो, गोणी मानेच्या खाली, खांद्यांच्या मधोमध टेकली की एक पाऊल तोलायला टाकतो आणि मग चालू लागतो, भरभर, कारण थांबलं की वजन वाढतं. जमिनीवरून ओढत, हात लांब करून तो काही उचलत नाही. कौशल्य आहे, ताकद आहे, तरीही पन्नाशीच्या आत कंबर गेलेले हमाल यार्डात कमी नाहीत. सिमेंटची गोणी आपल्याकडे आजही ५० किलोची असते. धान्याची गोणी क्विंटलभराची असण्याचा काळही फार जुना नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती, आणि अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं सूत्र तर अगदी सोयीच्या परिस्थितीतही २३ किलोंच्या पुढे जाऊ देत नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, देशाला नवा असा. त्या कायद्याच्या नावातच माथा आहे. पण माथ्यावर किती किलो, हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाइतका कधीच पुढे आला नाही.

शेतातलं ओणवं राहणं याहून वेगळं. कोकणात, मावळात भाताच्या लावणीला बाया चिखलात पाय रोवून सकाळपासून ओणव्या असतात. पाठीवर पाऊस, हातात रोपांची मूठ. ऊसतोडीला गेलेली बाई ऊस तोडते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, हे पहाटेपासून, महिनोन्‌महिने, गरोदरपणातसुद्धा. पाठदुखी टाळण्याच्या बहुतेक लेखांत यांच्यासाठी एक ओळही नसते. ते लेख ज्यांच्याकडे खुर्ची आहे त्यांच्यासाठी लिहिलेले असतात. वाकण्याची रीत शिकवून हा प्रश्न सुटत नाही. वजन कमी करणं, मधे विसावा मिळणं, दोन कामांत अदलाबदल होणं, हाच इथला उपाय. आणि तो काम देणाऱ्याच्या हातात आहे, पाठीच्या मालकाच्या नाही.

खुर्चीवाल्यांचं दुखणं उलट्या बाजूने येतं: भार जास्त म्हणून नव्हे, हालचाल कमी म्हणून. जुन्या पेढीवरचा मुनीम लोडाला टेकून, बैठ्या मेजावर वही लिहीत दिवस काढायचा. तोही बसूनच असे. पण जमिनीवर बसलेल्या माणसाला स्वस्थता नसते. मांडी बदलते, एक गुडघा वर येतो, पाय लांब होतात, उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो. टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून जगणाऱ्या लोकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ते दिवसाचे जवळपास दहा तास विसाव्यात घालवतात, शहरी माणसाइतकेच. पण त्यातला बराच वेळ उकिडवं किंवा गुडघ्यांवर बसण्यात जातो आणि तेव्हाही पायांचे स्नायू थोडे काम करत राहतात. कार्यालयातली खुर्ची इतकी आरामशीर असते की शरीराला हलण्याची आठवणच राहत नाही.

घरून काम करणाऱ्या हजारो जणांची जागा म्हणजे जेवणाचं टेबल. पाच फूट उंचीच्या बाईला ते उंच पडतं. टायपिंग करताना खांदे कानांकडे चढतात, पाय अधांतरी लोंबतात. लॅपटॉपची अडचण अशी की पडदा आणि कळफलक एकाच तुकड्यात. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात उंच जातात, हात सोयीचे ठेवावे तर मान खाली. यावर महागडी खुर्ची लागत नाही. पायाखाली पाट ठेवावा. लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी. वेगळा कळफलक चार-पाचशे रुपयांत मिळतो. कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल. आणि पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरात ठेवावी, म्हणजे तहान लागली की उठावंच लागतं. अर्ध्या तासाने उठणं, फोन चालत बोलणं, हे या सगळ्या मांडणीहून मोलाचं. थकल्यावर सैल बसण्यात अपराध नाही.

दुचाकीवर रोज दीड-दोन तास खड्ड्यांतून जाणाऱ्यांचं दुखणंही खरं आहे. सतत धक्के आणि कंपनं सोसणाऱ्या चालकांत कंबरदुखी जास्त आढळते, हे जुनं निरीक्षण आहे. त्यावर रस्ता हाच उपाय.

शरीराबाहेरची कारणंही मोजली गेली आहेत. अमेरिकेत बोइंग कंपनीच्या तीन हजारांवर कामगारांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण पुढे पाठीची तक्रार घेऊन येईल, हे ज्यांवरून सर्वांत चांगलं ओळखता आलं त्यांत कामाबद्दलचं असमाधान हा मुद्दा ठळक होता. झोपेची कमतरता, चिंता, धूम्रपान यांचाही संबंध वारंवार दिसतो. दुखणं मनाचं आहे असं म्हणून रुग्णाला परत पाठवणं मात्र क्रूरपणाचं. दुखणं पाठीतच असतं. थकलेल्या, धास्तावलेल्या शरीराला ते जास्त जाणवतं आणि जास्त दिवस राहतं.

आणि ही धास्ती अनेकदा दवाखान्यातच मिळते. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात ज्याने ऐकलं नाही असा कंबरदुखीचा रुग्ण विरळा. ते ऐकून माणसं वाकणं सोडतात, नातवाला उचलणं सोडतात, जमिनीवर बसणं सोडतात. अजिबात दुखत नसलेल्या ३११० जणांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्यांत झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. फुगलेली गादी विशीतही ३० टक्क्यांना होती. यांपैकी कुणाचीच पाठ दुखत नव्हती. केस पिकतात तशा गाद्या पिकतात. एमआरआयच्या अहवालातली प्रत्येक ओळ आजाराची नसते, हे रुग्णाला सांगायला डॉक्टरला दोन मिनिटं जास्त लागतात. ती दोन मिनिटं फार मोठं काम करतात.

जुने सल्लेही तपासून घेण्यासारखे आहेत. ‘आठ दिवस फळीवर झोपून राहा’ हा त्यांतला सर्वांत घट्ट. हेलसिंकीच्या पालिका कर्मचाऱ्यांवर १९९५ मध्ये झालेल्या चाचणीत, दुखत असतानाही जमेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे, अंथरुणाला खिळवलेल्यांपेक्षा लवकर सावरले. फळीबद्दल स्पेनमध्ये ३१३ रुग्णांना २००३ मध्ये दोन प्रकारच्या गाद्यांवर झोपवून पाहिलं. फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत कंबरेचा पट्टा आणि वजनं लावणं नेहमीच्या उपचारात नको असं सांगितलं आहे. व्यायाम, समजावून सांगणं आणि काही प्रकारची मालिश यांना मात्र जागा आहे. म्हणजे आजीचं तेल अगदीच वाया गेलेलं नाही.

मग टाळायचं कसं? या प्रश्नावरचा सर्वांत भरीव पुरावा २०१६ चा आहे. २१ चाचण्या, ३० हजारांहून अधिक माणसं. पट्टा, बुटातले तळवे, नुसती माहितीची व्याख्यानं यांनी कंबरदुखी टळली नाही. नियमित व्यायामाने पुढच्या वर्षभरातल्या दुखण्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाली, आणि व्यायामाला माहितीची जोड दिल्यावर सुमारे ४५ टक्क्यांनी. व्यायाम थांबला की फायदाही हळूहळू ओसरतो, हेही त्यातून दिसतं. व्यायाम कोणता, याला फार महत्त्व नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत फक्त चालण्याचा कार्यक्रम होता, टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला. चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला मध्यक २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये ३२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत योगासनांचा वर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत नेलेले सूर्यनमस्कार आहेत, पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोऱ्या, उशा, खुर्च्या वापरून ताठर शरीरालाही जमतील अशी केलेली आसनं आहेत. जे आवडेल आणि रोज होईल ते करावं, हळूहळू वाढवावं. दुखऱ्या पाठीला हालचालीची भीती घालू नये.

दप्तराचा विषय मराठी पालकांच्या जवळचा. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड दप्तर नको, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतला. केंद्राच्या २०२० च्या धोरणातही तीच मर्यादा आहे. बालभारतीने २०२३ पासून पुस्तकांचे चार भाग करून आत वहीची पानं घातली आणि दोन वर्षांत तो प्रयोग मागे घेतला. शास्त्र काय म्हणतं? २०१८ च्या एका आढाव्यात ६९ अभ्यास तपासले गेले, तेव्हा दप्तराच्या वजनाने मुलांची पाठदुखी वाढते याचा खात्रीचा पुरावा मिळाला नाही. तरी दप्तर हलकंच हवं. जड दप्तराचं मूल चालत शाळेत जात नाही, मैदानावरून रेंगाळत घरी येत नाही. आणि मैदान गेलं की पाठीचा खरा आधार जातो.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप, घटतं वजन आणि रात्री वाढणारं दुखणं असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयरोगाची शंका आधी घ्यावी. तो वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो. तिशीच्या आतल्या तरुणाची पाठ पहाटे आखडत असेल आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळी होत असेल, तर तो सांधेवाताचा प्रकार असू शकतो. अशांनी मालिशवाल्याकडे वर्षं घालवू नयेत. वयस्क बाईला किरकोळ पडण्यानंतर पाठीत तीव्र कळ आली, तर ठिसूळ हाडाचा मणका दबला आहे का ते पाहावं.

बसण्याने पाठ बिघडते असं म्हणणाऱ्या काळात, ज्यांना बसताच येत नाही अशीही माणसं आहेत. केरळातल्या कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दहा-दहा तास उभं राहावं लागे, भिंतीला टेकायचीही मुभा नसे. त्यांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये राज्याने दुकान कायद्यात बदल करून आसनाची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केलं. पुढच्या खेपेला साडी घ्यायला दुकानात गेल्यावर घड्या उलगडून दाखवणाऱ्या मुलीच्या मागे एखादं स्टूल आहे का ते बघावं, आणि नसेल तर गल्ल्यावर बसलेल्या मालकाला तसं विचारावं.